गिरीराजांवरील अठरा हजार ओळींचे किटाळ

बंगळुरी बसवनगुडीचे कचेरीत, चालू साली, कोडाचे दप्तरावर जो प्रसंग गुजरला, तो जैसा घडला तैसा, पदरचे अक्षर न घालता लिहिला असे.

राजश्री गिरीराज, मूळ प्रांत निपाणी, त्या कचेरीत संगणकाचे कामावर मामूर होते, आणि काम म्हणजे इस्पितळांत डायलिसिसच्या यंत्रांवर रुग्णांच्या पाळ्या लावणारे कोड राखणे. गतसाली वडील सरदार जयतीर्थ यांचा हुकूम जाहला की, ओळी वाकड्यातिकड्या दिसतात, सबब फॉर्मॅटर चालवून समस्त कोड एका शिस्तीत आणावे. गिरीराजांनी बटण दाबले आणि अठरा हजार ओळींचे कंस व जागा घटकेत नीट जाहल्या. मात्र ओळ कोणी, का लिहिली याची साक्ष देणारे जे गिटाचे दप्तर, त्यात ओळीओळीपुढे मूळ कर्त्याचे नाव झाकून गिरीराजांचेच उमटले. मग रोज सकाळी जाबसाल सुरू, की ही ओळ का लिहिलीत? आपण केवळ जागा सोडल्या, ऐसे ते सांगत, आणि कोणी मानीना. फिल्टर कॉफीही गोड लागेना.

ऐशात जयतीर्थांचे नजरेस एक ओळ आली. दोन रुग्णांमध्ये यंत्र अर्धा तास रिकामे ठेवावे, ऐसा तीत मजकूर. दप्तर म्हणे कर्ते गिरीराज, आणि गिरीराजांस कारण ठाऊक नाही. तेव्हा फर्मान सुटले की, ओळ निष्कारण आहे, गिरीराजांनी आज दोन प्रहरी काढून टाकावी, म्हणजे रोज चार रुग्ण अधिक बसतील. गिरीराजांनी मनी विचार केला की, नाव आपले, हात आपला, आणि चुकले तर जीव दुसऱ्याचा.

मग त्यांनी शेजारच्या मेजावरील संयोगिताबाई, ज्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरी, त्यांशी मसलत केली. बाई म्हणाल्या, “स्वल्प थांबा अण्णा. फॉर्मॅटरचा बदल वेगळा नोंदला होतात ना? मग त्या नोंदीचा क्रमांक वगळायच्या यादीत टाका. गिट तिला ओलांडून मागचं नाव दाखवील.”

गिरीराजांनी यादीची फाइल केली, गिटास तिचा ठिकाणा सांगितला आणि साक्ष मागितली. क्रमांक अर्धाच उतरविल्याने गिटाने दाद दिली नाही. मग क्रमांकाची चाळीसही अक्षरे बोट ठेवून लिहिली, आणि पडदा सरला. ओळ दामोदरपंतांची, जे दोन साल जाहले नोकरी सोडून गेले, आणि सोबत टिपण: ‘रुग्ण उठल्यावर यंत्र निर्जंतुक करण्यास अर्धा तास लागतो. सिस्टर कावेरी यांनी बजावले आहे. ओळ काढू नये.’

जयतीर्थांनी टिपण दोनदा वाचले. “सरी, बरं, राहू दे ती,” म्हणाले, “आणि गिरीराज, वर्षभर तुम्हाला उगाच छळलं.” मग नवा कायदा जाहला की, फॉर्मॅटरचे काम दुसऱ्या कामात मिसळू नये, स्वतंत्र नोंदावे, आणि क्रमांक त्याच दिवशी यादीत चढवावा.

गिरीराजांचे नावे खऱ्या दोनशे बारा ओळी राहिल्या. त्या न्याहाळून संयोगिताबाई बोलल्या, “अण्णा, या ओळीनं रविवारची पाळी दोनदा लागते.”

गिरीराजांनी खुर्ची पुढे ओढली, ओळ वाचली आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, “ही मात्र माझीच.”

येणेप्रमाणे फत्ते जाहली. चूक त्याच दिवशी दुरुस्त होऊन कर्त्याचे नावानिशी दप्तरी दाखल असे.