कुलूपरावांचा कडेकोट बंदोबस्त

उपग्रह केंद्राच्या सुरक्षाप्रमुखांना सगळे पाठीमागे कुलूपराव म्हणत. तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांना आवडलंच असतं. त्या दिवशी सकाळी बूट घालता घालता ते बायकोला म्हणाले, "आज उपग्रहाला नवा पासवर्ड चढवतोय. सोळा आकडे. माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाहीत. आता हॅकरचा बाप आला तरी हात चोळत परत जाईल."

बेत चोख होता. दुपारी बाराला जुना पासवर्ड आपोआप बाद होणार होता. त्याआधी उपग्रह डोक्यावरून जाताना अकरा मिनिटं मिळणार होती. तेवढ्यात नवा चढला नाही, तर उपग्रह हॅकरचंही ऐकणार नाही आणि आपलंही. नुसता फिरत बसणार जन्मभर, आणि कुलूपराव घरी.

पावणेबाराला त्यांनी खिशातली चिठ्ठी उघडली, तर आकडे दिसेनात. चष्मा गेटबाहेरच्या गाडीत राहिला होता. धापा टाकत जाऊन ते घेऊन आले, पण ओळखपत्र आणि मोबाइल आत टेबलावरच होते.

"कार्ड?" गेटवरच्या वॉचमनने विचारलं.

"आत आहे. अहो, मी रोज तुमच्यासमोरून जातो."

"गेल्या महिन्यात तिघं हेच म्हणाले. तिघांनाही परीक्षा घ्यायला तुम्हीच पाठवलं होतंत. एकाला तर तुमच्यासारखी मिशी लावलीत. त्याला आत सोडला म्हणून चारचौघांत माझी बिनपाण्याने केलीत."

"माझी मिशी खरी आहे."

"ओढू?"

कुलूपरावांनी मान पुढे केली. वॉचमनने मन लावून ओढली. साहेबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मिशी खरी आहे," वॉचमन म्हणाला. "माणसाचं अजून ठरत नाही."

मग त्याने नोंदवहीतून साहेबांच्या घरचा नंबर लावला. "फोनवर अनोळखी माणसाला घरातलं काही सांगायचं नाही, असं आमच्या ह्यांनी बजावलंय," असं म्हणून बायकोने फोन आपटला. कुलूपरावांना तशातही तिचा अभिमान वाटला. पण पाचच मिनिटं उरली होती.

"निदान ही चिठ्ठी तरी आत द्या हो."

"बाहेरचा कागद आत न्यायचा नाही. नियम तुमचाच."

इतक्यात आतून ऑपरेटरबाईंचा फोन आला. "साहेब तिथे आहेत का?"

"साहेबांसारखे एक आहेत," वॉचमन म्हणाला.

बाहेरच्याच्या हाती फोन द्यायला बंदी होती, खिडकीतून धरायला नव्हती. वॉचमनने तो धरला. कुलूपराव गेटला लोंबकळून ओरडायला लागले. साहेबांचं ओरडणं बाई रोज ऐकत होत्या, त्यांची खात्री लगेच पटली. आकडे मात्र रस्त्यावरच्या गोंगाटात ऐकू येईनात, म्हणून सोळाच्या सोळा तीनदा सांगावे लागले, तेही बेंबीच्या देठापासून.

बाराला दोन मिनिटं कमी असताना बाई म्हणाल्या, "चढला, साहेब!"

कुलूपराव मटकन फुटपाथवर बसले. उपग्रह वाचला होता, नोकरी वाचली होती. वॉचमनने स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं.

तेवढ्यात समोरचा इस्त्रीवाला रस्ता ओलांडून आला.

"साहेब, शेवटचा आकडा सात ना? मग बरोबर आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून ताळा केलाय. खडूने भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय, तुम्ही विसरलात तर असू दे."