आम्ही घरी खातो तेच

डॉक्टरांनी मटण बंद केलं तेव्हा मामा कळवळून म्हणाले, "अहो डॉक्टर, माझा धंदाच मटणाचा आहे!"

"मग विका की. मी खाऊ नका म्हणतोय," डॉक्टर म्हणाले. "डाळी, भाज्या, फळं. सहा महिन्यांनी पुन्हा हृदय तपासू."

मामा आणखी हुज्जत घालणार होते, पण शेजारच्या खुर्चीवर मामी रुमालाने डोळे पुसत होत्या. मामांनी तिथल्या तिथे त्यांना शब्द देऊन टाकला.

खरी अडचण होती दुकानावरच्या पाटीची. 'आम्ही घरी खातो तेच विकतो.' ती मामांच्या वडिलांनी लावलेली आणि मामा वीस वर्षं तिला जागलेले. गिऱ्हाइकाने "आज काय चांगलं?" असं विचारलं की ते सत्तूर ठोकळ्यावर टेकवून म्हणत, "मांडीचं घ्या, काल मीच खाल्लंय." या एका वाक्यावर दुकान चालत होतं. खोटं बोलायची तर सोयच नव्हती, कारण खोटं बोलताना किंवा काही लपवताना मामांचे कान लालभडक होत.

"पाटी सगळ्या घराची आहे," मामांनी तोड काढली. "घरात कुणी तरी खाल्लं म्हणजे झालं."

मामींनी महिनाभर ही कामगिरी निभावली. मग एका संध्याकाळी त्यांनी ताट बाजूला सारलं. "अहो, घास उतरत नाही घशाखाली! तुम्ही समोर बसून काकडी चावता आणि बघता माझ्या तोंडाकडे. वर विचारता, रस सुटला का? उद्यापासून मीही काकडीच खाणार."

मग ही जबाबदारी घरातच राहणाऱ्या मामांच्या सासूबाईंकडे आली. वय ऐंशी, दात दोन.

"कसं होतं, आई?"

"छान होतं हो, जावईबापू. चोखलं आणि ठेवून दिलं."

दुसऱ्या दिवशी दुकानात बाई आल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका, जुन्या गिऱ्हाईक. मामांनी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं, "बरगडी घ्या, बाई. चोखायला उत्तम."

"चोखायला? आणि चावायला?"

"त्याची अजून माहिती मिळाली नाही."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. कॉपी करणारी पोरं पकडण्यात त्यांची हयात गेली होती. आधी त्यांना मामांचे लाल कान दिसले, मग तराजूमागचा उघडा डबा. त्यात भोपळा आणि मटार.

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. मामा स्वतःच्या दुकानातलं मटण खात नाहीत, म्हणजे कुठे तरी पाणी मुरतंय! तीन दिवस दुकानात कुणी फिरकलं नाही. मामा रिकामा ठोकळा पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

चौथ्या दिवशी बाई स्वतःचा डबा घेऊन आल्या. मागे आठ-दहा गिऱ्हाइकं.

"तुमच्याच दुकानातलं मटण आहे, मी शिजवलंय. सगळ्यांसमोर एक घास खा, म्हणजे विषय संपला."

त्यांनी झाकण उघडलं. सव्वा महिन्यानंतर तो वास! एका घासात दुकान वाचत होतं आणि जिभेचीही चैन होत होती. मामांनी तुकडा ओठापर्यंत नेला. मग त्यांना मामींचा तो रुमाल आठवला. त्यांनी तुकडा परत डब्यात ठेवला.

"नाही जमायचं, बाई. हृदयानं दगा दिलाय आणि मी घरात शब्द दिलाय. मटण एकदम चोख आहे हो. पण मी आता ते खात नाही, तेव्हा ही पाटी राहायला नको."

मामा स्टुलावर चढले आणि वडिलांची पाटी काढू लागले. खिळा उपसण्याआधी त्यांनी ती बाहीने पुसून घेतली. बघणाऱ्यांनाच वाईट वाटलं.

"आधी खाली उतरा," बाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. "आज तुमच्या डब्यात काय आहे?"

"भोपळा."

"कसा आहे?"

मामांच्या चेहऱ्यावर एकदम जान आली. "मानेचा तुकडा आहे, बाई. घट्ट आणि गोड. पोटाकडचा घेऊ नका, पाणचट निघतो. काल मीच खाल्लाय!"

बाईंनी त्यांच्या कानांकडे निरखून पाहिलं. कानांचा रंग जागच्या जागी होता. त्यांनी एक फोड उचलून तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

"म्हणजे मी इतकी वर्षं पोटाकडचाच खात आले तर," त्या पुटपुटल्या. "खडू आहे का तुमच्याकडे?"

पाटी जागेवरच राहिली. तिच्याखाली आता वळणदार अक्षरात आणखी एक ओळ आहे: 'मटण सध्या बाई घरी खातात.'

गिऱ्हाइकं परत आली. रोज सकाळी पहिल्या येतात त्या बाई, कालचा निकाल सांगायला.

"मांडी कशी होती?" मामा विचारतात.

"मऊ. हाडापासून आपोआप सुटली."

"आणि रस?"

"बोटांवरून ओघळत होता."

मामा सत्तूर खाली ठेवतात आणि डोळे मिटतात. मागे रांग खोळंबलेली असते.

"जरा सावकाश सांगा ना, बाई."