दिगूकाकांची आपत्ती

दिगूकाकांच्या घरात कोणत्याही वस्तूचा उपयोग परस्पर बदलता येत नसे. मी शेजारचा; एकदा त्यांच्या झोपाळ्यावर हेल्मेट ठेवलं, तर माळवी ढंगात म्हणाले, "भिया, झोपाळा आमोद-प्रमोदात येतो. हेल्मेट खुंटीवर." शहराच्या विकास योजनेत बागा-मैदानांना हिंदीत आमोद-प्रमोद म्हणतात आणि नकाशात हिरवा रंग देतात. काकांनी ती सगळी योजना घराला लावली होती. देवघर सार्वजनिक, स्वयंपाकाचा ओटा औद्योगिक, आणि खिडकीजवळची त्यांच्या पत्नीची, माईंची, खुर्ची ना-विकास क्षेत्र. तिथे दुसऱ्या कुणी बसायचं नाही.

आता माई नाहीत, त्यांच्यामागोमाग काकाही गेले. घरात भाडेकरू आहेत. झोपाळ्यावर त्यांचे धुतलेले कपडे पडलेले असतात आणि कुणी काही म्हणत नाही.

काका देवासच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झाले होते. शहराचा नवा नकाशा मंजूर होण्याआधी लोकांपुढे ठेवावा लागतो आणि त्यावर कुणालाही आपलं म्हणणं देता येतं, हे कळल्यापासून त्यांना दुसरा विषय उरला नाही. "नकाशा सरकारचा, पण पाय आपले," असं म्हणायचे. "ज्याचे पाय, त्याला विचारायलाच हवं."

हरकतीला इकडे हिंदीत आपत्ति म्हणतात. पिढ्या माळव्यात गेल्यामुळे आमच्या मराठीतही आपत्ती म्हणजे हरकतच. नाशिकला मात्र आपत्ती म्हणजे पूर, भूकंप. काकांनी तिथल्या भाच्याला फोनवर सांगितलं, "मोठी आपत्ती आहे, सुनावणीला जायचंय." दुसऱ्या दिवशी भाचा वकील मित्राला घेऊन दारात.

"मामा, काय झालं? कुणाला पकडलं?"

"पकडलं कुणाला? आपत्ती मीच दिलीये."

माई आतून म्हणाल्या, "तेच तर त्यांचं काम."

ही आपत्ती आमच्या वसाहतीमागच्या मैदानाची होती. जुन्या योजनेत ते हिरवं होतं, नव्या मसुद्यात पिवळं, म्हणजे घरांसाठी. सुनावणीला मी सोबत गेलो. काकांनी कलमं, नियम सगळं पाठ केलं होतं. अधिकारी सौम्य होते.

"आपकी ज़मीन है, दादा?"

"नहीं."

"तो फिर आपको क्या आपत्ति है?"

काकांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. मग हिंदी सोडून मराठीत बोलू लागले. "मैदानातून देवीची टेकडी दिसते, साहेब. आमची ही हल्ली सगळं विसरते. पण संध्याकाळी दत्ताला जाते, आणि टेकडी उजव्या हाताला ठेवून घरी येते. एकटी जाते, एकटी येते. तेवढंच तिचं राहिलंय."

माई नावं विसरतात, एवढंच मला ठाऊक होतं. काकांचं बोलणं मी साहेबांना हिंदीत सांगितलं. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "दादा, इसका कोई नियम नहीं है," ते हळूच म्हणाले.

नकाशा मंजूर झाला. मैदानात इमारत उभी राहिली आणि टेकडी झाकली गेली.

माईंना सोबत नको असे. "मला काय वाट माहीत नाही?" म्हणून रागवत. मग काका लांबून मागे राहत. परतताना त्या नव्या भिंतीपाशी माई घोटाळल्या, की दुसऱ्या गल्लीतून वळसा घालून समोरून येत, योगायोगानं भेटल्यासारखे.

"अगं, तू इकडे? मीही घरीच निघालोय."

"चला मग, सोबत होईल."

पुढे माई काकांनाही विसरल्या. एका संध्याकाळी मी बाजारातून येताना दोघांच्या मागेच चालत होतो. माई म्हणत होत्या, "रोज पोचवता. भले गृहस्थ आहात. घरी कोण असतं तुमच्या?"

"बायको आहे."

"मग लवकर जात जा हो. वाट बघत असेल."

काका "हो" म्हणाले, आणि माईंच्या पावलाला पाऊल लावून सावकाश चालत राहिले.