दादाचा कॅपो आणि तुटलेली पहिली तार

दादा गेल्यानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला पाहुण्यांसमोर गिटार वाजवायची, हे मी दात घासता घासता ठरवलं. (माझे सगळे मोठे निर्णय तिथेच होतात. आठवीत शाळा सोडली, तीही तशीच.)

कारण एकच. दादा गेल्यापासून आई गायली नव्हती. भांडी घासतानाही गाणारी बाई, एकोणपन्नास दिवस गप्प. कोरियातल्या मोकपो शहरातलं आमचं घर खायला उठायचं. तो वाजवायचा आणि ती गायची, ते गाणं मी वाजवलं तर ती गाईलच, अशी माझी खात्री होती. त्याच्या वहीतली बोटांची चित्रं बघून चार कॉर्ड मी चोरून शिकलो होतो. वहीत पुढे सुरांबद्दल बरंच लिहिलं होतं, पण तिथे चित्रं नव्हती, म्हणून मी ती पानं सोडली.

मठातला विधी आटोपून सगळे घरी जेवायला बसले. मी गिटार काढून सुरुवात केली. आईनं तोंड उघडलं आणि लगेच मिटलं.

"फार खाली आहे रे. तो वर वाजवायचा."

वर? सोपं आहे! मी सगळ्या तारा पिळल्या. पहिली तार टणकन तुटली आणि थेट मान-गी काकांच्या सूपमध्ये.

"वहिनी," काका वाटीत बघत म्हणाले, "शेवया छान आहेत, पण जरा कच्च्या राहिल्यात."

"गाढवा!" आई म्हणाली. "तारा नाही पिळायच्या. तो एक चिमटा लावायचा गिटारच्या गळ्याला."

कॅपो! तो कशाला लागतो हे कळलं नव्हतं, तरी दादाचा म्हणून चाळीस दिवस मी तो शोधत होतो. दादाच्या खोलीतली फरशी उपटायची तेवढी बाकी होती. आणि आई भाजलेल्या समुद्रशेवाळाची पिशवी घेऊन आली, तर त्या पिशवीच्या तोंडाला, शेवाळ मऊ पडू नये म्हणून, कोण बसलं होतं? तोच.

तारा सैल करून मी कॅपो दुसऱ्या पट्टीवर लावला. बोटं जुन्याच जागी, गाणं मात्र वर! मी खूश. पण दुसरी कॉर्ड पाच तारांवर इतकी पोकळ वाजली की काकांनी चमचा खाली ठेवला.

"बोंग-शिक, तुझी गिटार हसतेय की रडतेय?"

मी घाईघाईनं वही उघडली. सोडलेल्या पानावरच दादानं लिहिलं होतं: 'कॉर्ड हसरी की रडकी, ते तिच्यातला तिसरा सूर ठरवतो.' आणि या कॉर्डमध्ये तो सूर होता फक्त पहिल्या तारेवर. म्हणजे काकांच्या सूपमध्ये.

मी तीच कॉर्ड पुन्हा छेडली. पुन्हा पोकळ. तिसऱ्यांदा छेडली, तेव्हा आईला राहवलं नाही.

"अरे, हा सूर!" म्हणाली आणि तिनं तो लावला.

पोकळ कॉर्ड एकदम हसली. मी थांबलो नाही, तीही थांबली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती शेवटच्या कडव्यापर्यंत गायली. काका तर सूपच्या वाटीवर ताल धरत होते.

"अगदी दादासारखं वाजवलंस," आई डोळे पुसत म्हणाली. माझी छाती फुगली. "त्याचीही पहिली तार कायम तुटलेली असायची. तो सूर मलाच भरायला लागायचा."

"वन्स मोअर!" काका ओरडले.

मी ऐटीत गिटार उचलली. कॅपो गायब! आईनं तो केव्हाच पिशवीला परत लावला होता.

"तुझं गाणं थोडं थांबू शकतं रे," ती म्हणाली, "शेवाळ मऊ पडतं."