काळी चार

सुनेचं पहिलं काम मी नीट पार पाडून देईन, असं मी घरात छातीठोकपणे सांगितलं होतं. छातीठोक म्हणजे माझ्या आवाजात. शेजारच्या खोलीत ऐकू गेलं नाही.

सून गाण्याचं चित्र करते. सूर चढला की रेघ चढते, आवाज भरला की रंग गडद होतो. पहिली भिंत दिली माझ्या वन्संनी, त्यांच्या गाण्याच्या क्लासमधली. "पटली नाही तर पुसून टाकेन," त्या सुनेला म्हणाल्या, "आणि ओळखीत कुठे तुझं नाव घेणार नाही." वन्संची ओळख म्हणजे अर्धं शहर.

रंगारी सकाळी यायचा होता, सून दहाला. क्लास उघडायला मी गेले. माझं रोज दहापर्यंत मौन असतं. बारा वर्षांत मोडलेलं नाही.

सुनेनं बजावलं होतं, "आत्या कुठल्या पट्टीत गातात तेवढं रंगाऱ्याला लिहून द्या. कुठल्या पट्टीला कुठला रंग, तो तक्ता त्याच्याकडे आहे." वन्संची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी. तक्त्यात तिचा रंग केशरी. मी चिठ्ठी दिली: 'पट्टी काळी चार.'

"काळ्या पट्ट्या चार," रंगाऱ्यानं वाचलं. "सोपं आहे." तक्ता त्यानं डब्यांखाली अंथरला होता.

पहिली काळी पट्टी उमटली तशी मी धावले. पंजा उघडून 'थांब' केलं.

"पाच? बरं, पाच."

लिहायला गेले तर पेन त्याच्या कानामागे. त्याचा कान दाखवायचा, तो घाईत माझाच दाखवला.

"ऐकू येत नाही होय, मावशी?" त्याचा चेहरा एकदम लोण्यासारखा झाला, आणि पुढे तो माझ्याशी पैलतीरावरून बोलल्यासारखा बोलू लागला. मी सुनेला फोन लावला. "हॅलो, आई? हॅलो?" रेंज नाही समजून तिनं ठेवला. शेवटी मी रंगाऱ्याला हात जोडले.

"आभार कसले, मावशी!"

दहाला सून आणि वन्सं आल्या. भिंतीवर पाच आडव्या काळ्या रेघा, कपडे वाळत घालायला बांधल्यासारख्या. सून चुन्यासारखी पांढरी. तेवढ्यात समोरच्या क्लासचे पियानोवाले सर डोकावले. वन्संचं आणि त्यांचं वीस वर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य.

"वा, बाई. आमचे सूर अशाच पाच रेघांवर लिहितात. शेवटी आलात आमच्या वळणावर."

वन्संना आधी कंठच फुटेना. फुटला तो काळी चारच्या बराच वर. "पोरी, आजच्या आज केशरी लाव. चारी भिंतींना. आणि व्हरांड्यात, थेट यांच्या दारापर्यंत!"

एका भिंतीचं काम पाचपट झालं. सून नाचायची तेवढी राहिली. मला वाटलं, आता माझे आभार मानेल. तिनं माझा हात हातात घेतला.

"आई, एक अट आहे."

"वन्संची?"

"माझी. काम होईपर्यंत तुम्ही लेकीकडे राहून या."

मी लगेच लेकीला फोन केला. "ये ना," ती म्हणाली, "पण आमच्याकडेही रंगारी यायचाय. तो गेल्यावर ये."

सुनेचा फोन तिला आधीच गेला होता.