उजव्या अंगाचं पोतं

जनावराच्या पाठीवर भार कसा लादावा, हे खेमसिंगला शिकवण्याची कोणाची छाती नव्हती! त्याच्या खापरपणज्याचे बैल मिठाच्या गोण्या वाहत डोंगरामागून डोंगर ओलांडत. तो तांडा केव्हाच थांबला, बैल गेले, मीठ विरघळलं. उरली ती एवढीच जाण, की डाव्या अंगाला जेवढा भार, तेवढाच उजव्या अंगाला हवा.

आणि त्याची अकरा वर्षांची जया जन्मापासून डावीकडे कलत होती.

पुसदच्या शिबिरात अशा मुलांना घोडीवर बसवून उपचार देणार होते. घोडीच्या चालीने म्हणे झोपलेली पाठ जागी होते. पण मुलं चाळीस आणि जागा पाच! चालत्या घोडीवर कोणी न धरता दहा आकडे होईपर्यंत जे मूल ताठ बसेल, त्याला वर्षभर दर रविवारी उपचार. बाकीच्यांनी आपापल्या अंधारात परत जावं.

खेमसिंग एका खांद्यावर लेक आणि दुसऱ्या खांद्यावर सोयाबीनचं पोतं घेऊन मैदानात उतरला.

"काय नायक, बाजार तिकडं हाय!" घोडीचे मालक बबनराव म्हणाले. त्यांची गुलछडी एरवी वराती काढायची. लग्नसराई संपल्यामुळे इथे आली होती.

"बाजार नाय भाऊ. हा इलाज हाय."

"पोत्याचा?"

"पाह्यत राहा फक्त!"

उपचार करणाऱ्या दिपाली मॅडम फोन घेऊन फाटकापर्यंत गेल्या, तेवढ्यात खेमसिंगने जयाला चढवलं आणि घोडीच्या गादीच्या पट्ट्याला उजवीकडून पोतं लटकावलं. हाताने तोलून त्याने दोन ओंजळी काढल्या, एक परत टाकली. गादी उजवीकडे ओढली गेली आणि डावीकडे कलणारी जया मंदिराच्या कळसासारखी सरळ दिसू लागली!

"अवो, हे लबाडी नाय का?" त्याची बायको मानीबाई कुजबुजली.

"लबाडी कायची? तोल हाय तो! तुह्यी ओढणी टाक पोत्यावर."

मॅडम परतल्या आणि पाहतच राहिल्या. "अरे वा, जया! किती सुंदर बसली आहेस! चालवा घोडी!"

गुलछडी चालू लागली. मॅडमनी मोजायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात पोत्याच्या तळाशी उंदराने कधीतरी कुरतडलेलं भोक जागं झालं. सर्र! सोयाबीनची पिवळी धार मैदानावर एखाद्या दीर्घ, दुःखी ओळीसारखी उमटत गेली. ती ओळ पहिल्यांदा वाचली गुलछडीने! ती गर्रकन वळली आणि खाली मान घालून आपलाच माग खात निघाली. पाठोपाठ कुंपणातून सात-आठ बकऱ्या घुसल्या.

"हे काय आहे? पोतं? कोणी बांधलं?" मॅडम किंचाळल्या. "अहो, तिचा तोल तिनंच शोधायचा असतो! घोडी हलवते आणि शरीर सावरायला शिकतं, हाच तर उपचार! तुम्ही तोल आयता दिला, तर ती शिकणार काय?"

खेमसिंगला ते ऐकू आलं नाही. तो दोन्ही हातांनी पोत्याला बिलगला होता. मानीबाई बकऱ्यांमागे धावली. रांगेतले आईबाप सोयाबीन वेचायला वाकले. "माह्या घोडीचं पोट फुगन ना!" म्हणत बबनराव गुडघ्यांवर रांगत घोडीच्या तोंडापुढचे दाणे गोळा करू लागले. मॅडमही अर्जांचा गठ्ठा बकरीच्या तोंडातून ओढत होत्या. सबंध मैदान जमिनीकडे झुकलं होतं!

मग "याडीऽऽ!" अशी आईला मारलेली हाक आली आणि सगळ्यांनी माना वर केल्या. जया घसरत होती. ती पडली ती नेमकी बबनरावांच्या पाठीवर. तिला खरचटलंही नाही. बबनराव मात्र बराच वेळ "मेलो बाप्पा!" म्हणत होते.

"मॅडम, मी बसलती," जया धापा टाकत म्हणाली. "पोतं रिकामं झाल्यावर. घोडी चालून राह्यलती अन् मी तेवीसपर्यंत मोजलं. कोणीच धरलं नव्हतं!"

मॅडमचा चेहरा उतरला. "कोणी पाहिलं?"

खेमसिंगने सभोवार पाहिलं. चाळीस कुटुंबांच्या मुठीत सोयाबीन होतं. डोळ्यांत काहीच नव्हतं.

"पुन्हा बसवा ना, मॅडम!" मानीबाईने हात जोडले.

पुन्हा बसवलं. पण जयाची पाठ थकली होती. तीन झाले आणि ती डावीकडे कलली. मॅडमनी डोळे पुसत पुढच्या मुलाचं नाव पुकारलं. पुढचं शिबिर वर्षाने.

परतीच्या जीपमध्ये जया बापाच्या मांडीवर कलून बसली होती.

"बा, तू तर जवळच होता. तू बी नाय पाह्यलं?"

खेमसिंगने तिच्या डाव्या अंगाला हात लावून तिला सावरलं. तेवीस! एवढे आकडे त्याची लेक आयुष्यात पहिल्यांदा ताठ बसली होती, त्याच्यापासून हातभर अंतरावर. आणि त्या तेवीसही आकड्यांत तिचा जन्मदाता बाप खाली मान घालून, रिकाम्या पोत्याचं भोक अंगठ्याने दाबून धरत होता.