दोन्या प्लासिदांच्या मृत्युपत्राला साक्षीदार हवेत

पराग्वेतील हमरस्त्यालगतच्या एका गावात दोन्या प्लासिदा, म्हणजे आपल्याकडच्या प्लासिदाबाई, यांनी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मृत्युपत्र करण्याचे ठरविले. हा निर्णय त्यांनी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता, सकाळचा जप आटोपल्यावर घेतला.

मालमत्ता म्हणजे थोडे शेत, चिपाचे दुकान आणि त्यामागची मातीची घुमटी भट्टी. साबुकंदाचे पीठ, चीज आणि बडीशेप घालून भाजलेली त्यांची चिपा पावाची गोल कडी खाण्यासाठी बसगाड्या थांबत. वारस दोन. लेक नीमिया, जी वीस वर्षे पहाटे भट्टी पेटवीत आली. आणि मुलगा वीदल, जो ब्वेनोस आयरेसला राही, ईस्टरच्या आठवड्यात येऊन पोटभर चिपा खाई आणि जाताना जागा पावलांनी मोजून जाई. त्याला तिथे पेट्रोलपंप दिसत होता. मृत्युपत्राविना आई गेली तर सगळे निम्मे-निम्मे होणार होते, आणि अर्धी भट्टी काही पेटत नाही.

"अगदी सोपं काम आहे," नोटरी आर्नुल्फो म्हणाले. "वीदलचा हिस्सा शेतात बसवू, भट्टी नीमियाला देऊ. तीन साक्षीदार तेवढे आणा. गावात राहणारे, तुम्हाला ओळखणारे आणि नात्यातले नसलेले."

दुसऱ्या दिवशी दोन्या प्लासिदा खाटीक, शाळेच्या बाई आणि चर्चचा घंटावाला यांना घेऊन हजर झाल्या.

"नातं?" नोटरींनी विचारले.

"काही नाही हो. नुसते कोंपाद्रे."

नोटरींनी लेखणी खाली ठेवली. ज्या बाळाला बाप्तिस्म्याच्या वेळी आपण हातात धरतो, त्याचे आईबाप आपले कोंपाद्रे आणि कोमाद्रे होतात. हे नाते तिथे रक्तापेक्षा घट्ट मानतात, कारण रक्ताच्या माणसाशी भांडता तरी येते.

"आत्मिक नाते हाही हितसंबंधच होय," नोटरी म्हणाले. "तिघेही अपात्र."

पंचाईत अशी की, धर्ममाता व्हा म्हणून कोणी पुढे केलेल्या बाळाला नकार द्यायचा नाही, असे दोन्या प्लासिदांचे लग्नापासूनचे व्रत होते. बाळाला नाही म्हणणे म्हणजे देवाच्या दारात पाय आडवा घालणे, असे त्या म्हणत. व्रत निष्ठेने पाळले गेले होते. परिणामी सबंध गाव अपात्र झाले होते.

"तुमच्या थोरल्यालाही मीच धरलं होतं," त्यांनी नोटरींना आठवण करून दिली.

"मी माणूस म्हणून इथे बसलेलो नाही. मी शिक्का म्हणून बसलोय."

"म्हणजे मला ओळखणारं कोणी चालायचंच नाही का?"

"ओळखणारं हवंच. ओळखूनही जवळ न आलेलं हवं."

नीमियाने सायकलवरून गाव पालथे घालून असे तीन जीव शोधले. पहिला हाइनरिख, चीज पुरविणारा मेनोनाइट. त्याच्या पंथात तान्ह्या बाळांचा बाप्तिस्माच करीत नाहीत. दुसरा रोहेलिओ, नुकताच बदलून आलेला करनिरीक्षक. तिसरी पेर्पेतुआ, रस्त्यापलीकडची चिपावाली, जिच्याशी दोन्या प्लासिदांचा अबोला नीमियापेक्षा वयाने मोठा होता.

"तुझ्या आईच्या मृत्युपत्राला?" पेर्पेतुआ म्हणाली. "येईन की. ठेवणीतला झगा घालून येईन."

शुक्रवारी सगळे जमले. नोटरींनी हाइनरिखला शपथ घ्यायला सांगितले.

"आमच्यात शपथ घेत नाहीत. आमचं हो म्हणजे हो."

"नुसत्या 'हो'ला कायद्यात जागा नाही. अपात्र."

तेवढ्यात रोहेलिओ उशिरा, ओशाळा होऊन आत आला. "दोन्या, पहाटे मुलगी झाली. रविवारी बाप्तिस्मा करू म्हणतोय. बायकोचा हट्ट आहे, धर्ममाता तुम्हीच व्हायचं."

"रविवारी ना? मग आज आधी सही करा," नीमिया म्हणाली.

"इच्छा प्रकट झाली. हितसंबंध उत्पन्न झाला," नोटरी म्हणाले. "अर्थात, यांनी नकार दिला तर गोष्ट वेगळी."

"आई, नाही म्हण. आयुष्यात एकदाच."

दोन्या प्लासिदांनी डोळे मिटले. "तान्ह्या बाळाला गं?" त्या म्हणाल्या, आणि बाळाचे नाव काय ठेवणार ते विचारले.

आता गावात एकटी पेर्पेतुआ पात्र उरली. तिने झग्याची चुणी सारखी केली.

नोटरींना मात्र कधी नव्हे ती दया आली. "याहून सोपा मार्ग आहे. हयातीतच भट्टी नीमियाच्या नावे बक्षीस करून टाका. त्याला साक्षीदार लागत नाहीत. तुमची सही, हिची सही. कागद आत्ता होतो."

कागद झालाही. नीमियाने हात झग्याला पुसले आणि सही केली. दोन्या प्लासिदांनी लेखणी हातात घेतली.

"म्हणजे आजपासून भट्टी हिची?"

"आजपासून."

"आणि मी कोण?"

"तुम्ही आई."

"रोज पीठ किती भिजवायचं, ते कोण सांगणार?"

"मी तुलाच विचारीन की," नीमिया म्हणाली.

"विचारशील. म्हणजे विचारायचं की नाही, ते तू ठरवणार."

लेखणी हळूच खाली ठेवली गेली. दोन्या प्लासिदांना एकाएकी वीदलची माया आली. पोर परमुलखात, त्याला न कळवता असले काम करणे बरे नव्हे. शिवाय ईस्टर तोंडावर आलेला. पवित्र दिवसांत व्यवहाराचे बोलू नये.

"मेल्यावर सगळं द्यायला तयार आहेस," नीमिया म्हणाली. "तेव्हा तुझं जाणार काय?"

उत्तर आले ते पेर्पेतुआकडून. "बरोबर केलंस गं प्लासिदा. माझ्या सुनासुद्धा असंच तोंड करून बसतात." इतक्या वर्षांनंतरचे हे पहिले वाक्य. दोघी हातात हात घालून पायऱ्या उतरल्या, आणि रस्ता ओलांडायच्या आत पेर्पेतुआने आपल्या नव्या नातवाच्या बाप्तिस्म्याची गोष्ट काढली.

नीमिया भट्टीकडे गेली. विस्तव विझत आला होता.

हे वाचून ज्यांना दोन्या प्लासिदांचा राग आला असेल, त्यांनी आपल्या कपाटाच्या किल्ल्या, ज्याच्याकडे त्या पुढे जायच्याच आहेत, त्याच्या हाती आत्ता उठून द्याव्यात. साक्षीदार लागत नाहीत.